आमच्या ओढ्यावर लढाई झाली नाही

आमच्या गावाच्या पश्चिमेला ओढा आहे. त्याच्या अलीकडच्या काठावर कमरेइतक्या उंचीचा एक दगड रोवलेला आहे. पोलीस ॲक्शनच्या वेळी या जागी गावकऱ्यांनी हत्यारबंद रझाकाराशी लढून हिंदी फौजेला वाट मोकळी करून दिली, असे त्यावर कोरले आहे. वाक्य एकच आहे. त्यात ओढा आणि फौज एवढ्या दोनच गोष्टी खऱ्या आहेत. त्या दिवशी मी ओढ्यावर होतो.

माझे वय तेव्हा बावीस होते. शिक्षण उर्दूतून मॅट्रिकपर्यंत झालेले. सोलापूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाला मी बातम्या पाठवीत असे. बातमीचा कागद येडशी स्टेशनवरून बार्शीकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचा, तो तिकडे टपालात पडायचा. निजामाच्या टपालावर आमचा भरवसा नव्हता.

रझाकारांनी त्या वर्षात आमच्या भागात काय केले ते मला कुणी शिकवायला नको. माझी थोरली बहीण तीन मुले घेऊन सरहद्दीपलीकडे गेली आणि सहा महिने एका गोठ्यात राहिली. तिच्या गावात जळक्या वाशांखेरीज काही उरले नव्हते. यातले काहीही मी कमी करून सांगणार नाही. पण आमच्या गावात ते दोनदा आले आणि दोन्ही वेळा गावाने त्यांना जेवू घातले. चावडीपुढे बकरे कापले, भाकऱ्या घरोघरून आल्या, आणि पाटलांनी स्वतः उभे राहून वाढले. पाटील निजाम सरकारचे नोकर होते. नाही म्हणण्याची कुणाची टाप नव्हती. त्या जेवणाचा दोष मी कुणाला देत नाही. दोष त्याच्या पुढचा आहे.

गावात मुसलमानांची सहा घरे होती. त्यांतले एक पिंजाऱ्याचे, गावाच्या कडेला, पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर. दोन खण आणि बाजूला पत्र्याची पडवी. दसरा झाला की तो पिंजण खांद्यावर टाकून निघायचा. पुरुषभर उंचीहून लांब लाकडी दांडा, एका टोकाला रुंद फळी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली आतड्याची तात. पावसाळ्यापर्यंत तो गावोगाव फिरे. कळंबच्या बाजारापासून येडशीच्या डोंगरापर्यंत कुठली गाडीवाट कुठे फुटते हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. सगळे गाव त्याला मामू म्हणे आणि त्याच्या बायकोला मुमानी, म्हणजे मामी.

गावातल्या प्रत्येक गादीत त्याच्या हातचा कापूस होता. बायका त्याच्याशी भांडत.

"मामू, गेल्या साली कापूस भरला का सरकी? रातभर टोचतंय."

"सरकी न्हाय माय, ते तुझ्या सासूचं बोलणं हाय. ते काय पिंजून निघत न्हाय."

फौज आली ती भाद्रपदात, गणपती बसलेले असताना. येडशीकडून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी पावसाने खचली होती, म्हणून एक जीप आणि तीन मालट्रक आमच्या गाडीवाटेने वळले. त्यांचा आवाज ऐकून गावाने दारे लावली. हिंदी फौज निजामाच्या नोकरांना धरून नेते अशी वदंता होती, त्यामुळे पाटील सकाळपासून शेतातल्या खोपीत होते. ओढ्यावर आम्ही चौघे-पाचजण होतो, तेही शौर्याने नव्हे, कुतूहलाने.

ओढ्याला मांडीइतके पाणी होते. पाण्याचे काही नव्हते, पण अलीकडे-पलीकडे काळी माती होती. पावसाळ्यात त्या मातीत बैलगाडीचे चाक रुतले की दोन जोड्या लावूनही निघत नसे. जीपमधल्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानीत विचारले, रास्ता कौन जानता है? मला उर्दू येत होते. मी उत्तर दिले नाही. घाबरलो होतो.

तेवढ्यात शेजारच्या गावाहून मामू परत येत होता. खांद्यावर पिंजण. पावसाळ्यात तो पिंजायला जात नसे, पण त्या गावी लग्न ठरले होते आणि गाद्यांची घाई होती. ट्रकवरच्या एका जवानाने ते लांबलचक लाकूड पाहिले आणि बंदूक रोखली.

"ये क्या है?"

मामू जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने एका बोटाने तात छेडली. ती घुमली.

"पिंजण है साब. रूई धुनकने का."

"बजाता भी है?"

"पेट बजता तो ये बजाना पड़ता, साब."

जवान हसले. बंदूक खाली झाली. ते लाकूड हत्यार नाही हे पंजाबातून की कुठून आलेल्या त्या माणसांना एका मिनिटात कळले. हे मी मुद्दाम सांगतो.

मामूने धोतर वर खोचले आणि पाण्यात उतरला. पिंजण उलटे धरून दांड्याने तळ चाचपीत तो वरच्या अंगाला गेला. तिथे काठाखाली मुरूम होता. "इधर से आओ साब. उधर काली मिट्टी है, गाड़ी बैठ जाएगी." तो पुढे चालला, जीप त्याच्यामागे, ट्रक जीपमागे. तिसऱ्या ट्रकचे मागचे चाक घसरले तेव्हा त्याने आम्हाला हाक मारली, आम्ही बाभळीच्या फांद्या तोडून चाकाखाली टाकल्या. सगळे मिळून अर्धा-पाऊण तास लागला. गोळी सुटली नाही. कुणी आडवे आले नाही. अधिकाऱ्याने मामूला सिगारेटचे पाकीट दिले. एक त्याने कानामागे खोचली, बाकीच्या आम्हाला वाटल्या.

आमच्या ओढ्यावर जे घडले ते एवढेच.

पाच दिवसांनी मामू त्याच ओढ्यावर मेला. फौज पुढे गेली होती, निजाम शरण आला होता, रझाकार पळाले होते. जे पळाले नाहीत त्यांच्यावर, आणि मग जे रझाकार कधीच नव्हते त्यांच्यावर, लोक तुटून पडत होते. त्या आठवड्यात आमच्या भागात जे चालले होते त्याला कुणी लढाई म्हणत नाही. म्हणून ते कुठल्या दगडावरही नाही.

लग्नाच्या उरलेल्या गाद्या पुऱ्या करून तो परत येत होता. मारणारे चौघे होते आणि आमच्याच गावचे होते. मी तिथे नव्हतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जे पाहिले तेवढेच सांगतो. तो मुरमाच्या उतारावर पडला होता. पिंजणाची फळी एका बाजूला, दांडा दुसऱ्या बाजूला. तात तुटून चिखलात गेली होती. मुमानी, तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी, पिराची सेवा करणारे म्हातारे मुजावर आणि आणखी तीन माणसे, एवढ्यांनी त्याला पुरले. त्या चौघांवर ना फिर्याद झाली ना चौकशी. आठवड्याने मुमानी मुलीला घेऊन भूमकडे भावाच्या गावी निघून गेली. महिनाभरात तिच्या घरात पाटलांचा कडबा भरला.

पुढल्या वर्षी श्रावणात तालुक्याहून एक कागद आला. मुक्तीला वर्ष पुरे होते आहे, तरी प्रत्येक गावाने आपण लढ्यात काय केले ते लिहून पाठवावे, असा त्यातला मजकूर. चावडीत पाटील, शाळेचे मास्तर आणि पाच-सहा मंडळी बसली. माझे अक्षर चांगले म्हणून मलाही बोलावले.

मास्तर म्हणाले, "आपण काय केलं ते सांगा, मी मसुदा करतो."

कुणी तंबाखू मळू लागले, कुणी चुना मागू लागले.

"काहीच नाही असं कसं लिहायचं?" मास्तरांनी विचारले.

"शेजारच्या गावानं करोडगिरीचा जकातनाका जाळला म्हणून लिवलंय," एकजण म्हणाला.

"आरं, तो नाका तर पावसानं पडला व्हता!"

"मग पाऊस येनार हाय का अर्ज करायला, का म्या पाडला म्हनून?"

सगळे हसले. हसणे ओसरल्यावर पाटील खाली बघत म्हणाले, "आपल्या ओढ्यावर एक मेला की."

त्या वाक्यानंतर चावडीत जी शांतता झाली ती मी पुढे पन्नास वर्षांच्या धंद्यात अनेक ठिकाणी अनुभवली. सगळ्यांना खरे माहीत असते आणि पहिला कोण बोलतो याची सगळे वाट बघत असतात. त्या दिवशी कुणी बोलले नाही. मीही नाही. मारणाऱ्या चौघांपैकी दोघे तिथे बसले होते. एक माझा चुलतभाऊ होता.

मेलेला माणूस रझाकार ठरला की खुनाची लढाई होते. बाकीचे त्याच्या मागोमाग येते. मास्तरांनी टाक उचलला आणि मसुदा तासाभरात तयार झाला. त्यात एक हत्यारबंद रझाकार ओढ्यावर फौजेला आडवा आला, गावकऱ्यांनी पाटलांच्या पुढाकाराने त्याच्यावर झडप घातली. खोपीत लपलेले पाटील लढाईच्या अग्रभागी आले. पाच दिवसांचे अंतर पुसले गेले.

सप्टेंबरात समारंभ झाला. ओढ्याकाठी मांडव, नवा दगड, पताका. बाहेरून एक बडे पाहुणे आले होते. मंचावर गाद्या-लोड घातले होते, आणि त्या गाद्या गावातल्याच होत्या, त्या कुणी पिंजल्या होत्या ते मी पुन्हा लिहीत नाही. पाटलांनी भाषण केले. त्यांचा आवाज दोनदा भरून आला. मग लाल फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू मंचावर आणली गेली, रझाकाराकडून हिसकावलेला भाल्याचा दांडा म्हणून. फडके सोडले. पिंजणाचा दांडा होता तो. फळी काढून टाकलेली. टोकाशी तात बांधायची खाच स्पष्ट दिसत होती.

पाहुण्यांना काही माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी त्या दांड्याला हार घातला, आणि पुढे तो हारासकट शाळेच्या भिंतीवर टांगला गेला. मांडवात दोन-तीनशे माणसे होती. त्यांतल्या एकानेही असा दांडा पूर्वी पाहिला नव्हता असे होणे अशक्य आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी बातमी लिहिली. पाटलांनी सांगितलेली हकीकत जशीच्या तशी लिहिली आणि शेवटी 'असे सांगण्यात आले' हे तीन शब्द टाकले. आमच्या धंद्यात या तीन शब्दांची फार सोय आहे. ते लिहिले की बातमीदार मोकळा. साप्ताहिकाने बातमी पहिल्या पानावर घेतली आणि ते तीन शब्द काढून टाकले. जागा कमी पडली असेल.

महिनाभराने मुमानी माझ्या दारात उभी राहिली. बरोबर मुलगी होती. भावाने सुगीपर्यंत ठेवून घेईन, पुढचे तुझे तू बघ, असे सांगितले होते. म्हणून ती घर परत मागायला तहसिलात गेली होती. तिथल्या कारकुनाने सांगितले, जागा रझाकाराची आहे असे गावाचे म्हणणे आहे. तो रझाकार नव्हता असा पाच पंचांच्या सह्यांचा कागद आण, मग बघू. आणि तिच्या अर्जाला त्याने वर्तमानपत्राचे कात्रण टाचले. तिने लुगड्याच्या पदरातून तेच कात्रण काढले. एक प्रत तिने मागून घेतली होती. तिला वाचता येत नव्हते.

"दादा, हे तुमी लिवलंय?"

"हो."

"तुमी तितं व्हता. ट्रकाखाली फांद्या तुमीच घातल्या म्हणून ह्यांनी घरी येऊन सांगितलं व्हतं."

"होतो."

"मग?"

मी तिला समजावू लागलो की बातमीदार स्वतःचे म्हणणे लिहीत नाही, जे सांगितले जाते ते लिहितो, आणि तसे मी लिहिलेही होते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हंजे खोटं निघालं तर ते दुसऱ्याचं, आन् खरं निघालं तर तुमचं. असंच ना?"

मी आत जाऊन कागद आणि टाक घेऊन आलो.

पंचांच्या कागदावर पहिली सही मी केली. उरलेल्या चार सह्यांसाठी ती तीन दिवस गावात फिरली. दारे लागली नाहीत. तिला पाणी दिले, मुलीला गूळ दिला, चार बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या. सही कुणी दिली नाही. "मुमानी, आमचं काय न्हाय. पण आधी पाटलाची पडू द्या." शेवटी ती पाटलांकडे गेली, मी सोबत होतो. पाटील ओट्यावर बसले होते. आवाज चढवला नाही, उलट तिला बसायला घोंगडी टाकायला सांगितली.

"तुज्यावर अन्याव झाला पोरी, व्हय. पण आता दगड बसलाय. आता काय दगड उपटायचा? साऱ्या गावाचं नाक जाईल."

"आन् माजं घर?"

"घराचं बघू."

ते मोहरमचे दिवस होते. इथे आमच्या गावचा एक रिवाज सांगायला हवा. मोहरमात पंजे, म्हणजे काठीवर बसवलेले धातूचे हात, मोहरमच्या जागेत, आशूरखान्यात, मांडतात. दहाव्या दिवशी दुपारी त्यांची सवारी ओढ्यावर नेतात. मोठी सवारी, म्हणजे सगळ्यांत मोठा पंजा, उचलण्याचा मान पाटलांच्या घराण्याचा. त्यांच्या आज्याला मूल जगत नव्हते, त्याने पिराला नवस केला होता, तेव्हापासूनचा. आदल्या वर्षी, मामूला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हाही पाटलांनी उपास धरला, ओल्या धोतराने सवारी उचलली आणि त्याच ओढ्यावर, त्याच मुरमाच्या उतारावरून नेली. त्यात कुणाला काही विसंगत वाटले नाही. पीर वेगळा आणि पिंजारी वेगळा.

सवारी उचलण्याआधी मुजावर तीनदा विचारतात, उचलणाऱ्याविरुद्ध कुणाचे गाऱ्हाणे आहे का? असेल तर ते तिथेच सांगायचे आणि उचलणाऱ्याने पंजावर हात ठेवून उत्तर द्यायचे. उत्तर दिल्याशिवाय सवारी हलत नाही. पंजावर हात ठेवून खोटे बोललेला माणूस वर्षात निर्वंश होतो, अशी समजूत. एरवी गाऱ्हाणी किरकोळच असत. एक म्हातारी दरवर्षी विचारी, "पाटला, माजी तांबडी कोंबडी तुज्या गड्यानं खाल्ली का न्हाय?" आणि पाटील दरवर्षी पंजावर हात ठेवून म्हणत, "म्या न्हाय खाल्ली. गड्याचं गड्याला इचार." लोक हसायचे, ऊद जळायचा, ताशे सुरू व्हायचे.

त्या वर्षीही म्हातारीने विचारले, पाटलांनी उत्तर दिले, लोक हसले. मुजावरांनी दुसऱ्यांदा विचारले. कुणी नाही. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मुमानी बायकांतून पुढे आली. ती गावात होती हे सगळ्यांना माहीत होते. ती इथे बोलेल हे मात्र कुणाच्या डोक्यात आले नव्हते. माझ्याही नाही.

"माजं हाय," ती म्हणाली. "पाटील, माजा नवरा रझाकार व्हता का? पंजावर हात ठिवून सांगा."

ताशेवाले उगाच काड्या चाळवीत होते, ते थांबले.

"ही येळ हाय का मुमानी?" मागून कुणीतरी म्हणाले.

"हीच येळ हाय," मुजावर म्हणाले. सत्तरीच्या पुढचे, दृष्टी जवळजवळ गेलेली. "येळ हीच असती. पाटील, जवाब द्या."

"चाचा, सवारीला उशीर व्हतोय."

"सवारी कुठं जात न्हाय. जवाब द्या."

पाटलांच्या धोतरातून पाणी गळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या चुलतभावाकडे. तो नजर चुकवून मागे सरकला. पाटलांचा थोरला मुलगा कडेवर आपले मूल घेऊन उभा होता. पाटलांनी त्या मुलाकडेही पाहिले. मग हात पंजावर ठेवला.

"न्हवता," ते म्हणाले.

आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

मुमानी बाजूला झाली. मुजावरांनी ऊद टाकला, ताशे सुरू झाले आणि पाटलांनी सवारी उचलली. ती ओढ्याकडे निघाली. नव्या दगडाजवळून जाताना वाजंत्री जरा जोरात वाजली असे मला वाटले. माझी समजूत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचांचा कागद घेऊन पाटलांकडे गेलो. मला खात्री होती. साऱ्या गावासमोर बोललेला माणूस सही नाकारणार कशी?

पाटलांनी कागद हातातही घेतला नाही.

"ते पंजापुढचं व्हतं. पंजापुढं खोटं बोलता येत न्हाय."

"मग कागदावर तेच लिहायचं आहे."

"कागदापुढं सरकार हाय. सरकारला आपन येक सांगितलंय. आता दुसरं कसं सांगनार?"

हे त्यांनी शांतपणे, मला समजावून सांगितले. त्यांच्या मनात काही गोंधळ नव्हता. पिराला खरे लागते, ते पिराला दिले. नव्या राज्याला लढाई लागते, ती राज्याला दिली. मी त्यानंतर अनेक राज्यकर्ते पाहिले, त्यांच्या जयंत्या आणि वर्धापनदिनांच्या बातम्या लिहिल्या. सरकारला खरे लागत नाही, ही गोष्ट लोकांना कुणी शिकवली, हा प्रश्न मला छळत आला आहे. तालुक्याहून आलेल्या त्या कागदात 'काही केले नसल्यास तसे लिहावे' अशी एक ओळ असती तर? नव्हती. रकाना फक्त पराक्रमाचा होता.

मुमानीने सहीची वाट पाहिली नाही. मी पाटलांकडे होतो तेवढ्या वेळात ती मुलीला घेऊन आपल्या घरी गेली आणि कडब्याच्या पेंढ्या एकेक करून वाटेवर टाकू लागली. दुपारपर्यंत वाट भरली. पाणवठ्यावर जाणाऱ्या बायका पेंढ्यांवरून पाय देऊन गेल्या. दोघींनी घागरी खाली ठेवल्या आणि हात लावला. पाटलांचा गडी धावत आला, ओरडला आणि धावत परत गेला. पुन्हा आला तो गाडी घेऊन. पेंढ्या भरून घेऊन गेला. पाटलांनी 'राहू दे' म्हटले असणार. वर्षभर जी जागा कुणालाही सोडवता आली नव्हती ती पंजापुढच्या एका शब्दाने सुटली, कारण तो शब्द सगळ्यांनी ऐकला होता. कागदावर मात्र ती सुटली नाही. अर्ज कात्रणासकट पडून राहिला.

मी त्या दिवसाची बातमी लिहिली. गावच्या प्रमुखाने पंजावर हात ठेवून, सर्वांसमक्ष, मृत इसम रझाकार नव्हता असे सांगितले. आधीची बातमी चुकीची होती. प्रस्तुत बातमीदार त्या वेळी ओढ्यावर हजर होता व त्याने लढाई पाहिली नाही. या वेळी 'असे सांगण्यात आले' लिहिले नाही. पुढच्या अंकात आमच्या गावाची एक ओळ आली. मोहरम शांततेत पार पडला. मी सोलापूरला जाऊन संपादकांना विचारले. ते म्हणाले, "अहो, राज्याला नुकतं कुठं वर्ष झालं, तोवर तुम्ही वीर पुसायला निघालात. लोक काय म्हणतील?" त्यांना मुमानी माहीत नव्हती. पण वीर म्हणजे पाटील, एवढे त्यांनी ठरवून टाकले होते. त्या साप्ताहिकाला मी त्यानंतर बातमी पाठवली नाही. याने मुमानीचे काही भले झाले नाही.

ती त्याच घरात राहिली. भावाकडून एक जुने पिंजण आणले. बाईमाणसाने पिंजण मारावे का यावर पंधरा दिवस चर्चा झाली, मग थंडी पडली आणि लोकांच्या गाद्या तिच्या पडवीत येऊ लागल्या. तिची जीभ मामूइतकीच चालायची.

पुढल्या सप्टेंबरात समारंभाच्या आधी शाळेचा शिपाई दोन गाद्या डोक्यावर घेऊन तिच्याकडे आला. मी पडवीत बसलो होतो. मुलीच्या शाळेचा अर्ज लिहून द्यायला गेलो होतो.

"मुमानी, मंचाच्या गाद्या गोळा झाल्यात. पाव्हने येनार हायती. तेवढ्या पिंजून द्या."

"देते की. पण ह्या गाद्या लई दाबल्यात, ह्या पिंजनानं निघायच्या न्हाईत. ह्यांचाच दांडा पायजे."

"कुनाचा?"

"तुमच्या शाळेच्या भितीवर हाय की. हार घातलेला. जा, घिऊन ये."

शिपाई गाद्या डोक्यावर घेऊन परत गेला.

त्या वर्षी पाहुण्यांना खुर्च्यांवर बसवले. त्या कळंबहून बैलगाडीने आणल्या होत्या. पाटलांनी तेच भाषण केले आणि आवाज तिथेच भरून आला. कर्णा लावला होता, त्यामुळे भाषण पाणवठ्यापर्यंत ऐकू जात होते. हत्यारबंद रझाकाराची गोष्ट सुरू झाली तेव्हा मी मांडवातून उठून तिच्या घराकडे गेलो. ती उंबऱ्यात बसून कापूस निवडत होती. प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत होता. मी म्हणालो, आत चला, दार लावून घ्या.

"का म्हनून?" ती म्हणाली. "घर माजं हाय."